ओळ अडखळते कुठे? : वृत्त, यमक आणि घाट यांवर वाचकांचे प्रश्न

(खालच्या उत्तरांत ‘ल’ म्हणजे लघु, आखूड उच्चाराचे अक्षर; ‘गा’ म्हणजे गुरू, लांब उच्चाराचे. मात्रा हे उच्चाराच्या वेळेचे माप : लघूची 1 मात्रा, गुरूच्या 2.)

प्रश्न : कविता समोर आली की तिचे वृत्त शोधायला सुरुवात कुठून करायची? व्याकरणाच्या पुस्तकातली लक्षणे एकेक करून लावून पाहायची का?

लक्षणांची यादी सगळ्यात शेवटी उघडा. आधी कवितेच्या सलग चार ओळी मोठ्याने म्हणा, चाल न लावता, तीनदा. जिथे जीभ आपोआप थबकते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. मग प्रत्येक ओळीसाठी तीन गोष्टी टिपा : अक्षरे किती, मात्रा किती आणि लघु-गुरूंचा क्रम काय. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असले तरी ते एकच अक्षर.

आता ताडून पाहा. चारही ओळींत लघु-गुरूंचा क्रम तोच असेल तर ते अक्षरगणवृत्त. क्रम जुळत नाही, अक्षरेही कमीजास्त, पण मात्रा सारख्या असतील तर मात्रावृत्त, म्हणजे जाती. अक्षरांची संख्या ठरलेली आणि लघु-गुरूंचा पत्ता नाही, तर अक्षरछंद. वृत्त, जाती आणि छंद ही विभागणी माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’तली. ती बहुतेक कवितांना पुरते. क्रम आधी तपासायचा, कारण क्रम सारखा असला की मात्रा सारख्या येणारच. तेवढ्यावरून अनेक जण अक्षरगणवृत्ताला मात्रावृत्त ठरवून मोकळे होतात.

एकाच ओळीवरून कधीही निकाल देऊ नका. एका ओळीत योगायोगाने काहीही जुळते.

दोन ठिकाणी ही पद्धत फसवते. 11 अक्षरांच्या ओळींत फक्त पहिले अक्षर कुठे लघु, कुठे गुरू आणि बाकी क्रम तंतोतंत तोच असेल, तर ती कवीची चूक नव्हे. इंद्रवज्रा (त त ज गा गा; त, ज हे तीन-तीन अक्षरांचे गण, त्यांचे सूत्र पुढे आहे) आणि उपेंद्रवज्रा (ज त ज गा गा) यांचे ते मिश्रण आहे. त्याला उपजाती म्हणतात. दुसरे अनुष्टुभ : चरणात 8 अक्षरे, पण बांधलेली जागा थोडीच. पाचवे लघु, सहावे गुरू, सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू आणि दुसऱ्या-चौथ्यात लघु. बाकीची जागा मोकळी असल्यामुळे क्रम जुळत नाही असे वाटते.

गण पाठ करायला ‘यमाताराजभानसलगा’ हे एकच सूत्र पुरे. कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या गणाचे रूप मिळते : यमाता म्हणजे लगागा, हा य, राजभा म्हणजे गालगा, हा र, नसल म्हणजे ललल, हा न.

प्रश्न : भुजंगप्रयातात कडवे लिहिले आहे. चौथ्या ओळीत एक अक्षर कमी पडते हे कळते, पण तिसरीत 12 अक्षरे पुरी असूनही ती खटकते. का?

*कुठे चालले रे ढगांचे थवे हे,*
*दिशा कोणती पाहती काजवे हे।*
*झाडांच्या मनाला कळेना कशाने*
*पुन्हा हालली सर्व ओली पाने॥*

भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण : लगागा लगागा लगागा लगागा. पहिली ओळ तोडून पाहू.

कु ठे चा | ल ले रे | ढ गां चे | थ वे हे
ल गा गा | ल गा गा | ल गा गा | ल गा गा

निर्दोष. दुसरीही तशीच : दिशाको, णतीपा, हतीका, जवेहे. ‘थवे हे’ आणि ‘काजवे हे’ हे यमकही कानाला भरघोस लागते, कारण त्यात ‘अवे हे’ एवढा तुकडा सारखा आहे.

तिसऱ्या ओळीत 12 अक्षरे आहेत हे खरे, पण पहिलेच अक्षर ‘झा’ गुरू आहे. ‘झाडांच्या’ म्हणजे गागागा, म-गण. भुजंगप्रयाताची सगळी चाल दर तीन अक्षरांच्या सुरुवातीला येणाऱ्या त्या हलक्या पावलावर उभी असते. तिथे जड अक्षर ठेवले की ओळ उंबऱ्यातच ठेच खाते, मग पुढची नऊ अक्षरे कितीही सरळ चालोत. अक्षरे मोजून वृत्त जुळवणाऱ्यांची ही नेहमीची फसगत. ‘वडाच्या मनाला कळेना कशाने’ असे केले की लगागा परत येते, आणि ‘झाड’पेक्षा ‘वड’ डोळ्यांपुढे लवकर उभा राहतो हा वरचा नफा.

चौथी ओळ : पु न्हा हा | ल ली स | र्व ओ ली | पा ने. शेवटच्या गणाचा लघु गळाला आहे. इथे हात पहिल्यांदा ‘च’कडे जातो : ‘पुन्हा हालली सर्व ओलीच पाने’. वृत्त बसले, पण अर्थ बदलला. आता ओळ सांगते की फक्त ओली पाने हालली, कोरडी नाहीत. असे तुम्हाला म्हणायचे नव्हते. हे भरतीचे अक्षर. ‘च’, ‘ही’, ‘तो’, ‘रे’, ‘गे’ ही मंडळी वृत्तात लिहिताना दाराशीच ताटकळत असतात. आत घेण्यापूर्वी ओळीचा अर्थ त्यांच्याशिवाय आणि त्यांच्यासकट असा दोनदा वाचावा. (तुमच्या पहिल्या ओळीतला ‘रे’ही भरतीचाच, पण प्रश्नाच्या सुरात तो खपून जातो.) चौथ्या ओळीत ‘सर्व’ हा शब्दच काही काम करत नाही. तो काढला की जागा होते :

पु न्हा हा | ल ली थें | ब झे ली | त पा ने

‘पुन्हा हालली थेंब झेलीत पाने’. चारही गण जागच्या जागी, आणि पाने ओली आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. ओळ एका अक्षराने अडली की अक्षर शोधत बसण्यापेक्षा त्या ओळीतला सगळ्यात आळशी शब्द शोधावा.

प्रश्न : वरच्यासारख्या ओळीत ‘सर्व’मधला ‘स’ गुरू आणि ‘पुन्हा’मधला ‘पु’ मात्र लघु धरतात. दोन्हींच्या पुढे जोडाक्षर आहे. मग नियम काय?

जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते हा नियम अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा असा, की जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तरच. आघात येतो की नाही हे शब्द सावकाश ओढून म्हटला की कळते. ‘विद्या’ म्हणताना आपण ‘विद्-द्या’ म्हणतो, ‘सत्य’ म्हणताना ‘सत्-त्य’. मागच्या अक्षरावर भार पडतो. ‘तुझ्या’ कुणी ‘तुझ्-झ्या’ म्हणत नाही. म्हणून तुझ्या, तिच्या, दुसऱ्या यांतली आधीची अक्षरे लघुच राहतात. न्ह, म्ह, ल्ह ही दिसायला जोडाक्षरे, पण जिभेला एकच व्यंजन. म्हणून पुन्हा म्हणजे लगा आणि उन्हाळा म्हणजे लगागा. ‘तुम्ही’चा उच्चार मात्र दोन्ही तऱ्हांनी होतो, आणि कवितेत तो दोन्ही तऱ्हांनी सापडतो.

लिपीही इथे एक सोय करून ठेवते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र : रफाराचा भार ‘द’वर, म्हणून गागा. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या : भार नाही, म्हणून लगा. रफार आणि तो चंद्रकोरीसारखा ऱ्य यांत गोंधळ झाला तर मुद्रितशोधनात एक मात्रा इकडची तिकडे होते. त्याहून चकवणारा शब्द ‘दिव्याचा’. दिव्य या शब्दाचे रूप असेल तर गागागा, दिवा या शब्दाचे असेल तर लगागा. लिहायला अक्षर न अक्षर सारखे. इथे कोणताही नियम कामाला येत नाही, आधी अर्थ कळावा लागतो.

शब्दाच्या शेवटचा लघु आणि पुढच्या शब्दाच्या आरंभी जोडाक्षर, उदाहरणार्थ ‘मन प्रसन्न’, असे असेल तर? संस्कृतात तो लघु गुरू होतो. मराठी उच्चारात दोन शब्दांमध्ये बारीकसा श्वास असतो, म्हणून ‘न’ लघुच राहतो. संस्कृत वळणाची पंडिती रचना असेल तर कवीने संस्कृताचा नियम पाळला असण्याची शक्यता धरा आणि शेजारच्या ओळींवरून ठरवा.

प्रश्न : जुन्या आवृत्तीतली कविता मोजली की मात्रा जास्त भरतात, आणि तीच कविता नव्या टंकलेखनात पाहिली की वृत्त मोडते. चूक कुणाची?

दोन्हीकडे लेखनाची, कवीची नव्हे.

जुन्या छापील मजकुरात उच्चारात नसलेले अनुस्वारही देत असत. ते देऊ नयेत हे ठरले 1962 च्या लेखननियमांत. अनुस्वाराने अक्षर गुरू होते ते तो स्पष्ट उच्चारला जात असेल तेव्हाच. जुन्या पानावर ‘हंस’ असे दिसले तर तो पक्षी आहे की ‘हास’ या अर्थाची आज्ञा, ते पाहावे लागते. पक्षी असेल तर गाल, 3 मात्रा. आज्ञा असेल तर आजचे ‘हस’, लल, 2 मात्रा.

नव्या टंकलेखनातला दोष उलटा. मनाच्या श्लोकांतल्या दुसऱ्या श्लोकाची पहिली ओळ ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ अशी आहे. तोडली की मनास(ज्), ज्जनाभ(क्), क्तिपंथे, चिजावे असे चार स्वच्छ य-गण पडतात. कुणी सवयीने ‘भक्तीपंथेचि’ असे दीर्घ लिहिले की तिसरा गण गागागा होतो आणि वृत्त मोडते. सामासिक शब्दातला तत्सम ऱ्हस्व तसाच ठेवण्याचा नियम (भक्तिपंथ, कविराज, गुरुकृपा) केवळ शुद्धलेखनाचा हट्ट नाही. म्हणून वृत्त मोडलेले दिसले की कवीला दोष देण्याआधी दुसरी प्रत पाहावी.

प्रश्न : ‘सुश्लोक वामनाचा…’ ही आर्या म्हणून प्रसिद्ध आहे. आर्येच्या मात्रा 12, 18, 12, 15 असतात असे शिकलो. मोजल्यावर चौथ्या चरणात मात्र 18 भरतात. माझे मोजणे चुकते आहे का?

मोजणे बरोबर आहे. चुकते आहे ते नाव. पूर्ण रचना अशी :

*सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची।*
*ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंतांची॥*

चरणाचरणाने मोजू. सु(2) श्लो(2) क(1) वा(2) म(1) ना(2) चा(2) : 12. पुढे अ(1) भं(2) ग(1) वा(2) णी(2) प्र(1) सि(2) द्ध(1) तु(1) क(1) या(2) ची(2) : 18. तिसऱ्या चरणात सहाही अक्षरे गुरू : 12. चौथ्यात किं(2) वा(2) आ(2) र्या(2) म(1) यू(2) र(1) पं(2) तां(2) ची(2) : 18. एकूण 12, 18, 12, 18. ही गीती. मोरोपंतांच्या ज्या रचनांना आपण सरसकट आर्या म्हणतो, त्यांतल्या बहुतेक याच मापाच्या आहेत. बोलण्यात ‘आर्या’ हे सगळ्या कुळाचे नाव झाले आहे, वृत्त ओळखताना मात्र गीती म्हणावे.

पण केवळ बेरीज करून थांबू नका. आर्याकुळाची खरी ओळख आतल्या गणांत आहे. इथला गण अक्षरांचा नसून 4 मात्रांचा असतो. पहिल्या अर्धाच्या 30 मात्रा अशा पडतात :

सुश्लो | कवाम | नाचा | अभंग | वाणी | प्रसिद्ध | तुकया | ची

सात पूर्ण गण आणि शेवटी एक गुरू. नियम दोन. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा या विषम गणांत लगाल, म्हणजे ज-गण, येता कामा नये. आणि सहावा गण ज-गणच हवा, नाही तर चार लघु. वर पाहा : ‘कवाम’ आणि ‘अभंग’ हे ज-गण दुसऱ्या आणि चौथ्या जागी, म्हणजे समस्थानी, सहाव्या जागी ‘प्रसिद्ध’, लगाल. दुसऱ्या अर्धात पहिले पाचही गण गागा, सहाव्या जागी नेमका ‘मयूर’. ओवी, ज्ञाने, शाची, किंवा, आर्या अशी एकसुरी जड पावले टाकत आलेली ओळ ‘मयूर’वर जी हेलकावते, तीच आर्येची लकब. ज्यांना ती मोजण्याआधी ऐकू येते त्यांना पुस्तकाची गरज फारशी पडत नाही.

खऱ्या आर्येत दुसऱ्या अर्धाचा सहावा गण आखडून एकच लघु उरतो, म्हणून 18 च्या जागी 15. फरक कानाला कळावा एवढ्यासाठी चौथा चरण ‘किंवा आर्याच पंतांची’ असा म्हणून पाहा : किंवा, आर्या, च, पंतां, ची. मात्रा 15. हेलकावा गेला, ओळ झटक्यात संपली.

प्रश्न : 16 मात्रांची ओळ लिहिली : ‘रात्र सरली तरी दिवा जळे’. मात्रा बरोबर 16, तरी म्हणताना लंगडते.

कारण 16 ही बेरीज आहे, लय नव्हे. पादाकुलक या मात्रावृत्ताच्या 16 मात्रा 8 आणि 8 अशा दोन आवर्तनांत, म्हणजे परतणाऱ्या तुकड्यांत, चालतात. दर आठव्या मात्रेनंतर टाळी देऊन तुमची ओळ म्हणा. रा(2) त्र(1) स(1) र(1) ली(2) इथे 7 झाल्या. आठवी मात्रा ‘तरी’मधला ‘त’ खातो आणि टाळी ‘री’वर पडते. शब्द मधोमध चिरला गेला. त्यात पुढे ‘दिवा जळे’ म्हणजे लगा लगा. ‘तरी’ धरून लागोपाठ तीनदा तीच उडी.

आशय तोच ठेवून पण शब्द आणि त्यांच्या जागा बदलून : ‘दिवा तेवतो, रात्र संपली’. दि(1) वा(2) ते(2) व(1) तो(2) : 8. रा(2) त्र(1) सं(2) प(1) ली(2) : 8. टाळी बरोबर ‘रात्र’च्या ‘रा’वर. ‘तरी’ गेला, पण स्वल्पविरामाने त्याचे काम केले.

सगळी मात्रावृत्ते आठाच्या चालीची नसतात. आवर्तन 8 चे असेल तर पद्मावर्तनी, 7 चे अग्न्यावर्तनी, 6 चे भृंगावर्तनी, 5 चे हरावर्तनी. दिंडी या वृत्तात चरणाच्या 19 मात्रा 9 आणि 10 अशा तुटतात. साकीत 16 आणि 12. नाव लक्षात नसले तरी चालेल, टाळी कितव्या मात्रेवर पडते ते सांगता आले पाहिजे.

याच पत्रात एक उपप्रश्न आहे : आपण बोलताना ‘सरली’ला ‘सर्ली’ म्हणतो, मग मात्रा कशा धरायच्या? लघूनंतरचा अकार गिळला तर मात्रा बदलत नाहीत. ‘सरली’ लिहिल्याप्रमाणे 1+1+2, ‘सर्ली’ 2+2, दोन्ही 4. मात्रावृत्त मराठीच्या अंगाला इतके सैल बसते त्याचे हे एक कारण. गुरूनंतरचा अकार गिळला तर मात्र तूट येते. ‘तेवतो’ 5 मात्रांचा आहे. घाईत ‘तेव्तो’ म्हटले की 4 उरतात. म्हणून वृत्तबद्ध ओळ म्हणताना तिथला ‘व’ पूर्ण उच्चारावा लागतो.

प्रश्न : अभंग आणि ओवी यांत नेमका फरक काय? दोन्हींत चार चरण, दोन्हींत चौथा आखूड.

मोठ्या अभंगाचे माप पक्के : अक्षरे 6, 6, 6, 4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात.

*सावलीचे ओझे । कुणी वाहू जावे ।*
*मनाशीच गावे । एकटेच ॥*

यमक ‘जावे–गावे’. पहिला चरण मोकळा, चौथाही मोकळा. नवख्यांची चूक बहुधा यमकाच्या जागेची असते : पहिल्या-दुसऱ्यात यमक जुळवतात आणि अभंगाची वीण सुटते. लहान अभंगात 8-8 अक्षरांचे दोन चरण असतात आणि यमक दोन्हींच्या शेवटी. लघु-गुरू दोन्हींत पाहायचे नाहीत. अक्षर मात्र पानावर दिसते ते मोजायचे. बोलताना ‘एक्टेच’ होत असले तरी ‘एकटेच’ची अक्षरे 4. गाताना ती चारही वेगवेगळी लांबवली जातात.

ओवी सैल. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तिन्ही चरणांना एकच यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेर; अक्षरसंख्या कमीजास्त होते. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या : ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ अक्षरे 6, 6, 8, 4. यमक आद्या, पाद्या, वेद्या. तेव्हा यमक तीनदा आले तर ओवी आणि मधल्या दोन चरणांतच आले तर अभंग, ही परीक्षा मापापेक्षा लवकर लागू पडते.

प्रश्न : ‘घर’ आणि ‘दूर’ हे यमक चालते का?

दुबळे. शेवटचे अक्षर सारखे असणे पुरेसे नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळायला हवा : ‘घर–सर’, ‘दूर–पूर’. ‘येतो–पाहतो’मध्ये फक्त ‘तो’ हा प्रत्यय जुळतो. ‘गातो–जातो’मध्ये ‘आतो’ जुळते, म्हणून ते कानाला भरते. तोच शब्द त्याच अर्थाने परत आणला तर ते यमक नव्हे, पुनरुक्ती. ‘श’ आणि ‘ष’ यांचे यमक डोळ्याला खुपले तरी कानाला चालते.

प्रश्न : गझलेचा मतला (पहिल्या दोन ओळी) आणि एक शेर (पुढच्या दोन ओळी) पाठवत आहे. वृत्त तपासले, बसते. तरी शेर नापास ठरला.

*सांजवेळी एकटी ती वाट होती*
*पावलांना भेटलेली लाट होती*

*दार होते लावलेले रात्र सारी*
*आतल्या माझ्या दिव्याशी भेट होती*

वृत्त खरोखर बसते : गालगागा तीनदा. ‘दिव्याशी’मधला ‘दि’ लघु धरला आहे, तोही योग्य; इथे दिवा आहे, दिव्य नव्हे. दोष काफियात, म्हणजे यमकाच्या शब्दात, आहे. मतल्यात ‘होती’ हा रदीफ, म्हणजे शेवटी जसाच्या तसा परतणारा शब्द, आणि ‘वाट–लाट’ हे काफिये ठरले. ‘ट’च्या आधीचा ‘आ’ ही अलामत. तीही त्याच क्षणी ठरली. ‘भेट’मध्ये ‘ट’ आहे, पण अलामत ‘ए’ झाली. मतला म्हणजे कवीने स्वतःवर घातलेली अट, पुढे ती सैल करता येत नाही. ‘सावली खोलीत माझ्या दाट होती’ असा बदल केला तर वृत्त आणि काफिया दोन्ही सांभाळले जातात. शेराचा आशय मात्र वळला, तो तुम्हाला हवा आहे का ते तुम्ही ठरवा.

मतला रचताना दुसऱ्या टोकाची चूकही होते. ‘लाट’ आणि ‘ललाट’ असे काफिये घेतले तर सारखा तुकडा ‘आट’ राहत नाही, ‘लाट’ होतो. मग पुढे ‘वाट’, ‘दाट’, ‘पहाट’ सगळेच बाद. दोन शेरांतच शब्द संपतात. मतला पक्का करण्याआधी कागदाच्या कडेला निदान सात-आठ काफिये लिहून पाहावेत.

प्रश्न : 14 ओळी झाल्या की सुनीत, म्हणजे सॉनेट, म्हणायचे का?

नाही. 14 ओळी एकाच वृत्तात हव्यात आणि विचाराला एक वळण हवे. 8 आणि 6 अशी विभागणी असेल तर वळण आठव्या ओळीनंतर. यमके पहिल्या आठ ओळींत अबबअ अबबअ (सारख्या अक्षराच्या ओळी एकमेकींशी यमकात). 4, 4, 4, 2 असेल तर यमके एकाआड एक आणि शेवटचे दोन चरण एकमेकांशी बांधलेले. तिथे वळण बाराव्या ओळीपर्यंत लांबवता येते. केशवसुतांनी 1892 मध्ये हा घाट मराठीत आणला. पुढे शार्दूलविक्रीडितासारखी (म स ज स त त गा, 19 अक्षरे, यती म्हणजे थांबा बाराव्या अक्षरावर) लांब वृत्ते त्याला मानवली, कारण विचार उलगडायला ओळीत जागा लागते.

प्रश्न : मुक्तछंदात मोजण्यासारखे काहीच नसते. मग रसग्रहणात ‘रचना’ या मथळ्याखाली लिहायचे काय?

‘कवितेत वृत्त नाही’ एवढेच लिहून सुटू नका. आधी ही मुक्तछंदातली कविता आहे की निव्वळ गद्यातली, ते पाहा. मुक्तछंदात ओळींची लांबी मोकळी असते, पण लयीचा एक तुकडा परतपरत येत राहतो. दहा-बारा ओळी म्हटल्या की तो कानाला सापडतो. सापडलाच नाही तर ओळ कुठे तोडली आहे त्याकडे वळा, कारण आता तेवढेच एक हत्यार कवीच्या हाती उरले आहे. सगळ्या ओळी सलग परिच्छेदासारख्या लिहून काढा आणि काय हरवले ते शोधा.

*खिडकीत बसलेली दुपार*
*हळूच उठते*
*आणि पडद्यामागे जाऊन*
*संध्याकाळ होते*

सलग लिहिले तर साधे विधान उरते. ओळीत मांडल्यावर ‘जाऊन’पाशी क्षणभर थांबावे लागते, दुपार पडद्याआड गेलेली असते, आणि ती काय होऊन आली हे खालच्या ओळीला कळते. आता शेवटची ओळ ‘पडद्यामागे जाऊन संध्याकाळ / होते’ अशी तोडून पाहा. गुपित आधीच फुटते, आणि ‘होते’ एकटे खाली लोंबत राहते.